चालणं सुरू व्हायच्या आधीचा दिवस

आमच्या घरी सकाळ व्हायची ती पाणी गाळण्याच्या आवाजानं. केनवडला दुकानामागच्या खोलीत मी आणि आई निजायचो. डोळे उघडायच्या आधीच कानांवर ती धार पडायची, दुहेरी फडक्यातून पितळी हंड्यात पडणारी, आधी मोठी आणि मग बारीक. त्या पाठोपाठ बाबांनी दुकानाच्या फळ्या एकेक करून काढल्याचा आवाज, आणि मग गुळाचा, घासलेटाचा, नव्या गोणपाटाचा मिळून येणारा एक वास. हा वास मला अजून कुठे आला तर मी थांबते. गावात आमचं एकच जैनाचं घर. मंदिर रिसोडला. त्यामुळे धर्म म्हणून जे काही होतं ते आईच्या हातातच होतं: पाणी गाळणं, दिवस मावळायच्या आत जेवणं, कांदा-लसणाला घरात न घेणं. बाबा हे सगळं पाळायचे, पण ते आईनं ताट वाढलं म्हणून. आई पाळायची ती पाळायचं म्हणून.

माझा डावा पाय बारीक आहे. सहा वर्षांची असताना आलेल्या तापात तो तसा झाला. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोरगी चालेल, पण फार नाही. हे ‘फार नाही’ आमच्या घरात पुढची आठ वर्षं राहिलं. शाळा जवळ होती म्हणून मी शाळेत गेले. विहिरीवर पाठवलं नाही, शेतात नेलं नाही, लग्नकार्यात मला एका खुर्चीवर बसवून हातात पोरं दिली जायची. कोणी वाईट वागत नव्हतं. सगळे फार चांगले वागायचे, आणि त्या चांगुलपणानं मी चौदाव्या वर्षीच म्हातारी होत चालले होते.

त्या वर्षी पर्युषणात आई रिसोडच्या मंदिरात गेली आणि तिथून एक बातमी घेऊन आली. कार्तिकी पौर्णिमेच्या आधी कारंजाहून पायी संघ निघणार होता, मुक्तागिरीला. पहिला मुक्काम धनजला, मग पुढे वऱ्हाडातून उत्तरेला, थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. जेवता जेवता तिनं बाबांना सांगितलं, “मी जाऊन राह्यली. कुमुदले घेऊन.”

बाबांचा घास हातातच राहिला. “पोरीचा पाय पाह्य न. थे कशी चालन एवढं?”

“बसून राह्यल्यानं पाय जाड होते का?”

“तसं नाही वं. रस्त्यात काही झालं तं?”

“घरात काही झालंच होतं नं,” आई म्हणाली. “ताप घरातच आला होता.”

 बाबा भांडणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिसोडहून माझ्यासाठी रबरी तळव्याच्या नव्या चपला आणल्या आणि ओसरीवर ठेवल्या. माझी परवानगी मात्र कोणी विचारली नाही. मला जायचं होतं की नाही हे मलाही माहीत नव्हतं. भीती वाटत होती एवढं आठवतं, आणि त्या भीतीत एक गोडीही होती.

निघायच्या दिवशी आईचं एकाशन सुरू झालं. संघ पोहोचेपर्यंत रोज एकदाच, एका जागी बसून, दिवसाउजेडी जेवायचं, आणि पाणीही तेव्हाच, तेही गाळून उकळलेलं. पहाटे उठून तिनं दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्या, तिळाची चटणी कुटली, डबा भरला, उकळलेलं पाणी झाकणाच्या चरवीत ओतून वर फडकं बांधलं. डबा आणि चरवी एका बोचक्यात, अंथरूण-कपड्यांची वळकटी वेगळी. दुपारी कारंजाला पोहोचायचं, धर्मशाळेत बसून एकाशन करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना संघाबरोबर निघायचं, असा सगळा साधा सरळ बेत होता. रात्रभर पाऊस पडला होता. कार्तिकातला पाऊस, कोणाच्याच कामाचा नसलेला. कापूस फुटलेल्या शेतांकडे पाहून मोटारीतली माणसं हळहळत होती.

मालेगावला मोटार बदलली. तिथून जऊळक्याच्या दिशेनं निघालो आणि थोड्याच वेळात थांबलो. पुढे नाल्यावर रपटा होता, म्हणजे रस्त्याबरोबरीचा ठेंगणा सिमेंटचा पूल. त्याच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. सगळे खाली उतरून काठावर उभे राहिले. ड्रायव्हरनं एक दगड टाकून पाहिला, विडी पेटवली, विडी संपवली आणि सांगितलं, “आज काही खरं नाही. वापस चाला मालेगावले. उद्या पाहू.”

उद्या म्हणजे संघ निघून गेलेला. आईनं ड्रायव्हरला विचारलं, “जऊळका किती दूर हाय अठून?”

“अडीच कोस असन. तठून दुपारी कारंजाची गाडी भेटते. पन तुमी जाता कशा बाई? पोरगी हाय संगं.” त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं आणि नजर वळवली. सगळे असंच पाहायचे आणि अशीच नजर वळवायचे.

मोटार मागे वळायला लागली. लोक चढले. आई वळकटी डोक्यावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “चालशीन?”

माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी कोणत्या असं आज कोणी विचारलं, तर मी नोकरी सांगेन, लग्न सांगेन, मुलं सांगेन. पण तो एक शब्द मला त्या सगळ्यांच्या आधी आठवतो. आठ वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी काही विचारलं होतं. आईच्या चेहऱ्यावर आग्रह नव्हता. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर ती मोटारीत चढली असती, आणि नंतर तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नसतं. मी म्हटलं, “चालीन.” मोटार गेली. चिखलात चाकांच्या खुणा आणि आम्ही दोघी उरलो.

पाणी ओसरायची वाट पाहत आम्ही बाभळीखाली बसलो. तास-दीड तासानं एक म्हातारा गुराखी म्हशी घेऊन आला. त्यानं पाण्याकडे एकदा पाहिलं आणि म्हशी आत घातल्या. त्यांच्या पोटाला पाणी लागलं नाही. “माह्या म्हशीयच्या मांगं या,” तो म्हणाला. “जठी म्हैस पाय ठिवते तठीच ठिवजा.” आईनं साडीचा काचा मारला, डोक्यावर वळकटी, एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात माझा दंड. पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि वाटलं त्यापेक्षा त्याला ओढ जास्त होती. निम्म्यात माझा डावा पाय सिमेंटच्या शेवाळावरून सटकला. मी कमरेपर्यंत खाली गेले. दुसऱ्याच क्षणी आईचे दोन्ही हात माझ्या काखेत होते. दोन्ही हात, म्हणजे बोचकं सुटलेलं होतं. डबा, दशम्या, चरवी, सगळं आमच्या डोळ्यांदेखत गिरकी घेऊन रपट्याखाली गेलं.

पलीकडे पोहोचल्यावर मी रडायला लागले. आई परकराचा काठ पिळून देत म्हणाली, “रडतं काहून? भाकर फिरून भेटते. तू गेली असती तं मी कोनच्या दुकानातून आनली असती?” मग तिला स्वतःलाच हसू आलं, आणि मलाही. म्हाताऱ्यानं म्हशी हाकल्या आणि तो आपल्या वाटेनं गेला.

आम्ही चालू लागलो. पहिला अर्धा कोस मी ऐटीत चालले. मग नव्या चपलेच्या ओल्या पट्ट्यानं टाच सोलायला सुरुवात केली. मी चपला हातात घेतल्या. डावा पाय थकला की तो टाकण्याऐवजी ओढला जातो, आणि मग उजव्या कमरेत कळ येते. आई माझ्या चालीनं चालत होती. ‘दुखतं का’ असं तिनं एकदाही विचारलं नाही. त्याऐवजी तिनं आपल्या लग्नानंतरची गोष्ट सांगितली, माहेराहून केनवडला ती बैलगाडीत बसून पूर्ण वाटभर रडत आली ती. “मंग?” मी विचारलं. “मंग काय. रडल्यानं गाव जवळ आलं नाही. बैलं चालले म्हनून आलं.” ऊन चढत गेलं. आईचे ओठ पांढरे पडले होते. तिनं आदल्या दिवशी दिवस मावळल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि जे घ्यायचं होतं ते नाल्यात गेलं होतं.

अशा वेळी रस्त्याला लागून एक शेत लागलं. भिजलेला कापूस वेचून एक बाई खाटेवर पसरत होती. पस्तिशीची, काटक. मागे कुडाची खोपडी, आणि बाजूला बांधलेली विहीर. आई बांधावर थांबली.

“बाई, थोडं पानी काढू देता का? अन् चुलीत इस्तव असन तं उकळून घेतो म्हनलं. माहं एकाशन हाय. डबा वाहून गेला.”

त्या बाईनं आम्हा दोघींना नीट पाहिलं. आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र, चिखलानं भरलेली साडी, माझा पाय. ती म्हणाली, “वानी का तुमी? मंग आधी सांगतो. आमी बौद्ध आवो. मांगून म्हनसान का सांगतलं नाही.”

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. केनवडच्या आमच्या दुकानात बौद्धवाड्यातली माणसं पायरीच्या खाली उभी राहून सामान घ्यायची. पुडी वरून त्यांच्या ओंजळीत टाकली जायची. ती टाकणारी आई असायची, कधी कधी मी असायचे. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालणारी आम्ही माणसं होतो.

आई बांधावरून खाली उतरली. मग म्हणाली, “मले पानी गाळून उकळून लागते. विहीर कोनाचीबी असो. तुमी बादली द्या.” ती ‘तुमी’ म्हणाली हे माझ्या लगेच ध्यानात आलं. पायरीखालच्या कोणाला तिनं कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

“मी भरू का तुमी भरसान?” त्या बाईनं विचारलं. साधा प्रश्न होता, पण तिनं तो आईच्या डोळ्यांत पाहून विचारला होता.

“तुमीच भरा.”

तिनं बादली सोडली. तिचं नाव वच्छला, हे तेव्हा कळलं. नवरा जऊळक्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता, आणि वेचणीच्या दिवसांत ती शेतातच राहायची. आईनं पदराची दुहेरी घडी करून पाणी गाळलं. मग तिनं ती घडी उलटी केली, थोड्या पाण्यानं खंगाळली आणि बादलीतून ते पाणी अलगद विहिरीत सोडलं.

“हे काहून?” वच्छलाबाईनं विचारलं.

“पदराले लागलेले बारीक जीव रायतात. मरू नाही म्हनून जठून आनले तठी सोडा लागते.”

वच्छलाबाई विहिरीच्या काठावर हात टेकून उभी राहिली. “म्हंजे दिसत नाही त्या किड्याले तुमी विहिरीत वापस नेऊन सोडता,” ती म्हणाली. “अन् आमच्या मायले साऱ्या गावानं विहिरीवर पाय ठिवू देल्ला नाही. थे तं दिसत होती.”

ती हे भांडून बोलली नाही. ओल्या कापसाबद्दल बोलावं तसं बोलली. मला वाटलं, आई आता उठेल आणि म्हणेल चाल कुमुद. आई उठली नाही. बराच वेळ तिनं हातातला पदर पिळला. मग म्हणाली, “खरं हाय. नोयते येऊ देत. मीबी त्यातलीच हावो.” आणि थोडं थांबून, “पीठ आजचं हाय का तुमच्याकडे?”

“पहाटी दळलं. ज्वारीचं.”

“मंग भाकरी तुमीच टाका. माह्या पोरीले बी भूक लागली.”

खोपडीसमोरच्या चुलीवर वच्छलाबाईनं भाकरी थापल्या. आई तिथेच मातीत मांडी घालून बसली. भाकर, तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, मीठ आणि उकळलेलं कोमट पाणी. तिचं पहिलं एकाशन हे असं झालं. ती सावकाश, पोटभर जेवली. मला वच्छलाबाईनं आंबाडीची भाजीही वाढली, लसणाच्या फोडणीची. लसूण मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा खाल्ला. आईला वास आला असणारच. तिनं तोंड कपाशीकडे फिरवलं आणि ती तिकडेच पाहत राहिली. मी दुसऱ्यांदा भाजी मागितली. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं.

जेवल्यावर वच्छलाबाईनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. मी ओढून घेऊ लागले, तिनं सोडला नाही. सोललेल्या टाचेला तिनं कोमट करडीचं तेल लावलं, स्वच्छ कापूस ठेवून चिंधी बांधली. मग डाव्या पोटरीवरून हात फिरवत, दाबून पाहत ती म्हणाली, “पाय बारीक हाय. कमजोर नाही. दोन्हीत फरक असते, बाई.” तो पाय तोवर डॉक्टरांनी पाहिला होता, वैद्यांनी पाहिला होता, देवाला दाखवला होता. असं कोणी म्हटलं नव्हतं. निघताना आईनं तिच्यापुढे हात जोडले. वच्छलाबाईनंही जोडले. “येजा फिरून,” ती म्हणाली. “डबा असला तरी येजा.”

आम्ही पुन्हा तिच्याकडे गेलो का? नाही गेलो. हे सांगताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मुक्तागिरीहून परतल्यावर आईनं एक केलं. दुकानाच्या पायरीखाली उभ्या राहिलेल्या पहिल्या बाईला ती म्हणाली, “वर या, खाली काहून उभ्या?” बाबा तराजूवरून वर पाहून पुन्हा खाली पाहायला लागले. गावातले काहीजण महिनाभर बोलले आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळले. एवढंच. फार मोठं काही नाही. पण ती पायरी मोठी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी जऊळक्यापर्यंतचा शेवटचा कोस मी थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चालले. स्टेशनाजवळ चहाच्या टपरीपाशी कारंजाची मोटार उभीच होती. आत बसल्यावर माझे दोन्ही पाय थरथरत होते. दोन्ही. उजवाही. ते पाहून मला विलक्षण आनंद झाला, कारण थकवा दोघांनी सारखा वाटून घेतला होता.

कारंजाच्या धर्मशाळेत पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. आवारात सामानाची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, उभी होती, बैल कडबा खात होते, बाया उद्याच्या डब्यांची तयारी करत होत्या. संघाचे पुढारी नेमासाव म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ होते, पांढरी टोपी, हातात यादी. त्यांनी आईला पाहून विचारलं, “केनवडच्या न? आमी तुमची आस सोडली होती. एकाशन झालं का? दिवस बुडून राह्यला.”

“झालं.”

“कुठी?”

आईला ‘रस्त्यात’ म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “जऊळक्याच्या अलीकडे. एका बौद्ध बाईच्या शेतात. विहीर तिची, पीठ तिचं, भाकरीबी तिच्याच हातच्या.”

 डबा पुसणारी एक बाई म्हणाली, “बाई वं, मंग तुमचं व्रत मोडलं. आजपासून फिरून धरा लागीन, नाही तं संघात कशा येता?”

“मोडलं असं मले वाटत नाही,” आई शांतपणे म्हणाली. “तुमाले वाटत असन तं मी संघाच्या मांगून चालीन. रस्ता तं सरकारचा हाय.”

सगळ्यांनी नेमासावांकडे पाहिलं. मी आईचा पदर धरला होता. म्हाताऱ्यानं चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला. “पानी गाळलं होतं?”

“गाळलं. उकळलं. जीव विहिरीत सोडले.”

“उजेड होता?”

“दुपार होती.”

“एका जागी बसल्या?”

“बसली.”

“मंग व्रतात आनखी काय लिहेल रायते?” ते त्या बाईला म्हणाले आणि यादीत आमच्या नावापुढे खूण केली. त्या बाईचं समाधान झालं नाही, तिनं डबा घेतला आणि ती आत गेली. नेमासाव माझ्याकडे वळले. त्यांची नजर पायावर गेली, टाचेच्या चिंधीवर गेली. “हिच्यासाठी दमणीत जागा करून ठिवली, बाई. पोत्यावर गादी टाकली. पोरगी आरामात येईन मुक्तागिरीपरेंत.”

 आई माझ्याकडे पाहायला लागली.

“मी चालून राह्यली,” मी म्हटलं. “अडीच कोस तं आजच झाले.”

नेमासावांनी यादी पुन्हा उघडली. दमणीखाली लिहिलेलं माझं नाव त्यांनी पेन्सिलीनं खोडलं आणि चालणाऱ्यांच्या ओळीत शेवटी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण उजेड कमी होता.

तांबडं फुटताना संघ निघाला. पाऊस कुठल्या कुठे गेला होता. धुळीऐवजी ओल्या मातीचा वास होता आणि पुढे कोणीतरी स्तुती म्हणायला सुरुवात केली होती. लहानपणापासून बाहेर पडलं की आई माझ्या डाव्या बाजूला असायची, एक हात मोकळा ठेवून. त्या सकाळी ती बायांच्या पुढच्या रांगेत जाऊन चालायला लागली. मी हाक मारणार होते. मारली नाही. धनजचा मुक्काम येईपर्यंत, दिवसभरात, तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.